इंग्रजीत तांत्रिक प्रश्न विचारायला मुलांना कसं शिकवावं?

देवगड_कलमबाग
गावातल्या मुलांना ईएसपी३२ बोर्डावर (कोड घालून चालवायचा, वायफाय असलेला छोटा सर्किट बोर्ड) मातीतला ओलावा मोजायला शिकवतोय. पाऊस सरला की हापूसच्या नव्या कलमांना पाणी कधी सोडायचं ते कळावं, एवढाच हेतू. अडलं की मुलं इंटरनेटवर इंग्रजीत विचारतात, 'सर, सेन्सर नॉट वर्किंग, प्लीज हेल्प', आणि सोबत स्क्रीनचा मोबाइलने काढलेला फोटो. उत्तर येत नाही. मुलं मराठी माध्यमाची आहेत. आधी इंग्रजीकडे बघू का?

कातळ
इंग्रजी राहू दे नंतर. 'नॉट वर्किंग' म्हणजे नक्की काय? बोर्ड सुरू होत नाही, कोड चढत नाही, की आकडा येतो पण चुकीचा? तिन्हींची कारणं वेगळी. बोर्डाचं पूर्ण नाव, सेन्सरचा प्रकार, कुठली तार कुठल्या पिनला, व्होल्टेज, कुठला आकडा हवा होता आणि कुठला आला, हे लिहायलाच हवं.

पिनचा नंबर हमखास गळतो, आणि बरेचदा उत्तर तिथंच असतं. पिनवरच्या व्होल्टेजचा आकडा करणारे दोन भाग बोर्डात असतात, एडीसी१ आणि एडीसी२. ईएसपी३२ वरच्या ४, २५, २६, २७ या पिना एडीसी२ च्या. वायफायही एडीसी२ च वापरतं, त्यामुळे ते चालू असताना तिथलं रीडिंग भरवशाचं नसतं. तार ३४ वर घ्या, ती एडीसी१ ची. मुलाने 'पिन २६, वायफाय चालू' एवढं लिहिलं असतं तरी जाणकाराला पुरलं असतं.

खाडीपलीकडचा
आधी मराठीत लिहू द्या, एका वाक्यात एकच गोष्ट, मग भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये टाका. कोड आणि एररचा मजकूर मात्र त्यात घालू नका, अ‍ॅप तेही बदलून ठेवतं. ते जसंच्या तसं वेगळं चिकटवा. फोटोतला कोड कोणाला चालवून बघता येत नाही. वायरिंगचा फोटो मात्र जरूर द्या.

कोड छाटायला लावा. डिस्प्ले काढा, वायफाय काढा, प्रत्येक वेळी चालवून बघा. वायफाय काढल्यावर आकडा सुधारला तर निम्मं उत्तर घरीच मिळालं.

दोन रीडिंगं द्यायला सांगा: सेन्सर कोरडा असताना आणि पाण्यात धरल्यावर (सेन्सरवरच्या खुणेच्या रेषेपर्यंतच). बाजारातल्या नेहमीच्या कपॅसिटिव्ह सेन्सरचा आकडा ओलाव्याने उतरतो. मुलांना तो बिघाड वाटतो, तो नाही.

कातळ
शीर्षकात 'अर्जंट' नको. 'ईएसपी३२, पिन २६: वायफाय चालू केल्यावर ओलाव्याचं रीडिंग बिघडतं' असं हवं.

देवगड_कलमबाग
कोडमध्ये पोरांनी 'ओलावा', 'पाणी' अशी नावं रोमन लिपीत दिलीत. ती बदलायची?

खाडीपलीकडचा
नको. प्रश्नात एका ओळीत अर्थ द्या, झालं. नावं बदलताना एखादं राहून गेलं तर नवीच एरर येईल आणि मूळ प्रश्न बाजूला पडेल.