चौदा पात्रांचा संच: जलरंग, शाई, रंगीत पेन्सिल आणि पांढरा पेन एकाच चित्रात, तर क्रम कोणता?

चिंचोका

आठवडी बाजारातली चौदा पात्रं चितारायची आहेत. सगळी डोक्यातून काढलेली: कल्हईवाला, तांब्याची भांडी विकणारी आजी, घोंगडीतला धनगर, नऊवारीतली फुलवाली, गारेगारवाल्याचा सात वर्षांचा पोरगा, असा गोतावळा. प्रत्येकाचं स्वतंत्र चित्र, आणि शेवटी सगळे एका ओळीत उभे असलेलं एक जोडपान. पुढे छापायचंय.

कागद ३०० जीएसएम, कोल्ड प्रेस (थोडा खरखरीत पोताचा), शंभर टक्के कॉटन. ट्यूबमधले जलरंग, ०.३ चा काळा पेन, मेणाच्या गाभ्याच्या ३६ रंगीत पेन्सिली, पांढरा जेल पेन आणि आठ-दहा अल्कोहोल मार्कर. तीन पात्रं झालीत, तिन्हींत गोंधळ. काळ्या रेषेवर वॉश (पाणीदार रंगाचा पातळ थर) दिला की रेष जांभळट फुटते. पेन्सिलीवर पांढरा पेन चालत नाही, दोन ठिपक्यांनंतर कोरडा. तिघंही एकाच गावचे, उन्हात रापलेले. पण एकाची कातडी नारिंगी, एकीची गुलाबी, एकाची मातकट. मार्कर तर कागदात नुसता पसरतो. क्रम चुकतोय की साहित्य?

दौत_टाक

दोन्ही.

आधी पेन. त्यात डाय शाई (पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची) आहे, पिगमेंट शाई (न विरघळणाऱ्या रंगकणांची) नाही. काळी डाय शाई बहुधा दोन-तीन रंग मिळून बनवलेली असते. पाणी लागलं की ते रंग वेगळे होतात, तुमचा जांभळा तिथून येतो. नवा पेन घ्याल तेव्हा याच कागदाच्या कपट्यावर रेघ मारा, दहा मिनिटं थांबा, वरून ओला ब्रश दोनदा फिरवा. हलली नाही तरच चित्रात घ्या. केस, छत्री असे भरीव काळे भाग निदान अर्धा तास सुकू द्या. टाकाने काम करणार असाल तर वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक उत्तम, फक्त ती फाउंटन पेनात भरू नका. अशा बऱ्याच शायांत लाख असते. आत सुकली की पेन गेलाच म्हणून समजा.

आता क्रम. पाणी आधी, मेण नंतर, अपारदर्शक पांढरा शेवटी. म्हणजे पेन्सिलीचं फिकट रेखाटन, मग पिगमेंट शाईची रेष, मग जलरंगाचे दोन किंवा तीन वॉश, मग रंगीत पेन्सिल, मग पांढरा. मेणाच्या थरावर पाणी टिकत नाही, गोळे होऊन बाजूला सरकतं, त्यामुळे पेन्सिल लावली की जलरंगाकडे परत जाता येत नाही. मेणावर शाईची रेषही ओढू नका: बारीक टोक मेणाने बुजतं आणि पेन फुकट जातो.

तुमचा पांढरा पेनही मेणामुळेच बंद पडतोय. म्हणून जिथे शेजारी पेन्सिल येणार तिथे वरच्या क्रमाला अपवाद करा: डोळ्यातली चमक, नथीतला मोती, भांड्यावरचा चकाका या जागा जलरंग सुकल्यावर पेन्सिलीच्या आधी पांढऱ्याने घ्या, तो पूर्ण वाळू द्या, मग पेन्सिल त्यांच्या कडेकडेने फिरवा. जागा राहूनच गेली असेल तर कटरच्या पात्याच्या पोटाने (टोकाने नाही) मेण हलकेच खरवडा आणि पेन तिथे टेकवा. ३०० जीएसएम कॉटन कागद एवढं सोसतो.

मार्कर या संचातून सरळ काढून टाका. कॉटन कागद शाई पितो आणि कडा पिसासारख्या फुटतात. मार्करला गुळगुळीत ब्रिस्टल कागद किंवा मार्कर पॅडच लागतं. त्यातून त्यांची शाईही डायची, उजेडात फिकी पडणारी. मूळ चित्रं भिंतीवर लावायची असतील तर तो आणखी एक घोर.

गेरू

कातडीच्या रंगाबद्दल. तिन्ही वेळा ब्रशने अंदाजे मिसळलं असणार, म्हणून तीन गावं झाली. संचासाठी एकच साठा बनवा. झाकणाच्या छोट्या डबीत दोन भाग बर्न्ट सिएना, एक भाग यलो ओकर, आणि अल्ट्रामरीन टूथपिकच्या टोकावर येईल एवढंच. हा झाला मूळ रंग. तरुण किंवा उजळ पात्राला हाच पाणी वाढवून; धनगरासारख्या रापलेल्या माणसाला याच मिश्रणात आणखी बर्न्ट सिएना. सावलीसाठी मूळ रंगात अल्ट्रामरीन वाढवा, काळा अजिबात नको. काळ्याने सावली मेलेली दिसते. ट्यूबवर 'फ्लेश टिंट' लिहिलेला रंगही नको: त्यात पांढरा असतो, वॉश दुधाळ होतो आणि आपल्याकडच्या कातडीशी त्याचा संबंध नसतो.

जलरंग सुकल्यावर फिकट होतो, म्हणून ओल्या रंगावरून ठरवू नका. त्याच कागदाची एक पट्टी घ्या: सहा चौकोन, प्रत्येकात एक, दोन, तीन वॉश, शेजारी त्यावर फिरवलेली पेन्सिल, प्रत्येकाखाली प्रमाण लिहिलेलं. ही पट्टी चौदावं चित्र होईपर्यंत टेबलावर राहील. आणि रंग सहाच ठेवा. कल्हईवाल्याच्या सदऱ्यातला निळा फुलवालीच्या सावलीतही असला की मंडळी आपोआप एका बाजारातली वाटतात.

तांब्याचं भांडं सगळ्यांचं चुकतं, म्हणून सविस्तर. तांबं नारिंगी रंगाने दिसत नाही, कडक सीमांनी दिसतं. चकाक्याची जागा कोरा कागद. बाकी भांड्यावर पातळ यलो ओकर, ओला असतानाच एका कडेने बर्न्ट सिएना सोडा. पूर्ण सुकल्यावर बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीनचा गडद पट्टा चकाक्याला अगदी चिकटून, कडा न विरघळवता. फिकटाशेजारी एकदम गडद आलं की धातू झाला. मठारकामाचे खळगे काढताना उजेड डावीकडून वरून येतोय असं धरा: खळगा आत गेलेला असतो, म्हणून त्याची डावी-वरची कड गडद आणि उजवी-खालची उजळ. उलटं केलंत तर भांड्यावर फोड आल्यासारखे दिसतात. कल्हई केलेल्या भांड्याची आतली बाजू मात्र रुपेरी करड्या रंगाची, तिथे नारिंगी फक्त काठाजवळ किंचित.

घोंगडीला ब्रश फार लावू नका. करड्या-तपकिरी रंगाचा एक वॉश, सुकल्यावर काळी पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने. कोल्ड प्रेसच्या उंचवट्यांवरच काळा बसतो, खळग्यांत वॉश दिसत राहतो, आणि लोकरीचा खरखरीतपणा फुकटात मिळतो.

शेवटचं: सगळी चौदा चित्रं टप्प्याटप्प्याने एकत्र पुढे न्या. आज सगळ्यांची कातडी, उद्या सगळ्यांचे कपडे.

कागदी_होडी

गेरू यांच्या शेवटच्या मुद्द्याशी सहमत नाही. चौदाही एकत्र पुढे नेली तर चूकही चौदा वेळा होते. आधी एक पात्र शेवटच्या पांढऱ्या ठिपक्यापर्यंत न्या, आणि त्यासाठी सगळ्यात अवघड निवडा (फुलवाली: लुगडं, काठ, गजरा, दागिने सगळं तिच्यात आहे). ते जमलं की उरलेल्यांचे चार-पाचचे गट करा. कातडीचा साठा मात्र एकदाच, ते पटलं.

कागदाचा हिशोब बघा. २२ × ३० इंचांच्या पूर्ण तावातून ७.५ × ११ इंचांचे आठ तुकडे निघतात. दोन ताव म्हणजे सोळा: चौदा पात्रांना, दोन चाचणीला. दोन्ही ताव एकदमच घ्या, कारण कागदाची पांढरी छटा आणि पाणी पिण्याची तऱ्हा लॉटप्रमाणे बदलू शकते. आणि हा तुकडा ए-४ स्कॅनरच्या काचेवर अख्खा बसतो.

जोडपानाचा विचार आत्ताच करा, नंतर डोकं आपटावं लागेल. उंचीचा तक्ता आखा: मोठं माणूस पाच डोक्यांएवढ्या उंचीचं धरलं आणि चित्रातली उंची २४ सेंमी ठेवली तर डोकं ४.८ सेंमी. वाकलेली आजी १९ सेंमी, पोरगा १२. आता पोराला त्याच्या स्वतंत्र चित्रात पान भरेल असा २४ सेंमीचा काढलात, तर जोडपानात त्याला निम्मा करावा लागेल आणि त्याची रेषही निम्मी होईल. बाकीच्यांशेजारी तो केसाने काढल्यासारखा दिसेल. म्हणून मोठ्यांना ०.२५ मिमीचा पेन वापरलात तर पोराला ०.५० मिमीचा. मायक्रॉन पेनांवर ०१ म्हणजे ०.२५, ०५ म्हणजे ०.४५ आणि ०८ म्हणजे ०.५०, आकडे नीट वाचून घ्या. तुमच्या ०.३ च्या जोडीला ०.६ चं टोक शोधत बसण्यापेक्षा हे सोपं.

रंगाआधी आणखी एक गोष्ट. चौदाही पात्रं ३ सेंमी उंचीची, नुसती काळी भरून एका ओळीत काढा. डोळे-नाक नसताना कल्हईवाला आणि धनगर वेगळे ओळखू येत नसतील तर बदल आकारात करा: एकाच्या खांद्यावर भाता, दुसऱ्याच्या डोक्यावर मोठं मुंडासं. ते काम रंगाने होत नाही.

रेखाटन उतरवताना ऑफिसचा कार्बन पेपर नको, त्याची रेघ तेलकट असते, खोडली जात नाही आणि वॉशला अडवते. ट्रेसिंग पेपरच्या मागे २बी पेन्सिल घासा, कापसाने पसरवा, समोरून कडक पेन्सिलीने गिरवा. जास्तीचं शिसं मळता येणाऱ्या मऊ खोडरबराने टिपून घ्या, घासू नका. घासलेल्या जागी कागदाचं सायझिंग (पाणी लगेच मुरू न देणारं द्रव्य) निघतं आणि वॉशमध्ये गडद डाग उमटतो.

चिंचोका

सगळ्यांचे आभार, मार्कर बाजूला ठेवले. दोन शंका. फुलवालीच्या काठाची जर (जरीचं काम) सोनेरी जेल पेनने करायची होती, चालेल? आणि पावसाळ्यात कोकणात काम करतोय, कागद वाकतो, वॉश सुकता सुकत नाही. असा वाकलेला कागद स्कॅन होईल का?

प्रूफ_वाचक

छापायचं असेल तर सोनेरी पेन नको. स्कॅनरला त्यातली चमक दिसत नाही, जागा मळकट करडी-तपकिरी येते. जर रंगानेच काढा: काठाला यलो ओकरचा सपाट वॉश, सुकल्यावर बर्न्ट सिएनाच्या धारदार पेन्सिलीने बारीक आडव्या रेघा, त्यातली प्रत्येक तिसरी-चौथी मोकळी सोडा, आणि निरीला जिथे घडीचा उंचवटा येतो तिथेच फिकट पिवळ्याचे ठिपके. घडीच्या आत जर विझली पाहिजे, सगळीकडे सारखी चमकली तर सोनेरी पट्टी चिकटवल्यासारखी दिसते. फ्लोरोसंट गुलाबी, पोपटीही टाळा, चार रंगांच्या छपाईत ते येतच नाहीत.

वाकलेल्या कागदाचं उत्तर स्कॅनर कोणता यावर आहे. पातळ, यूएसबीवर चालणारे स्कॅनर बहुतेक सीआयएस जातीचे असतात. काचेपासून कागद थोडा उचलला तरी तो भाग धूसर येतो. जाड सीसीडी स्कॅनर थोडा वाक सांभाळून घेतो. ६०० डीपीआयला स्कॅन करा: ७.५ × ११ इंचांचे ४५०० × ६६०० पिक्सेल मिळतात, म्हणजे ३०० डीपीआयला दुप्पट मोठं छापता येईल. ऑटो करेक्शन बंद ठेवा, नाहीतर तो प्रत्येक चित्राची कातडी आपल्या मर्जीने बदलेल आणि गेरू यांच्या डबीचा उपयोग शून्य. ती रंगपट्टी प्रत्येक स्कॅनच्या कडेला ठेवा, संगणकावर सगळी पानं तिच्यावरून जुळवता येतात.

कोल्ड प्रेसचे खळगे स्कॅनमध्ये राखाडी ठिपक्यांसारखे येतात, कारण दिवा एका बाजूने असतो. उपाय: एकदा स्कॅन, मग चित्र काचेवर १८० अंश फिरवून दुसरा स्कॅन. दुसरा संगणकात सरळ करा, पहिल्यावर तंतोतंत जुळवा, अपारदर्शकता ५० टक्के. दोन बाजूंच्या सावल्या बऱ्याचशा एकमेकींना मारतात.

दौत_टाक

पावसाळ्याबद्दल. न वापरलेले तुकडे सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद प्लास्टिकमध्ये ठेवा. दमट हवेत कागदाचं सायझिंग बिघडलं की तो टीपकागदासारखा वागतो आणि तो दुरुस्त होत नाही. काम करताना चारही बाजू बोर्डाला मास्किंग टेपने बांधा. टेप आधी एकदा सुती कापडाला चिकटवून चिकटपणा कमी करा, काढताना हेअर ड्रायरने कोमट करून कागदाच्या पातळीत, बाहेरच्या दिशेला ओढा.

वॉश सुकला का हे बोटांच्या मागच्या बाजूने बघा. कागद गार लागला म्हणजे आत पाणी आहे, दिसायला कितीही कोरडा असो. अशा अर्धवट ओल्यावर दुसरा वॉश दिला की फुलकोबीसारखे डाग फुटतात.

तरी वाकलाच तर पांढरा आणि पेन्सिल लावायच्या आधी सपाट करून घ्या. चित्र पालथं, पाठीवर स्प्रेने हलकी धुई, वर-खाली कोरे शोषक कागद, त्यावर बोर्ड आणि रात्रभर वजन. नंतर केलंत तर मेण आणि पांढरा दोन्ही शोषक कागदाला लागतील.

कागदी_होडी

गजऱ्याचं कुणी बोललं नाही. केसांचा काळा लावण्याआधी टूथपिकने मास्किंग फ्लुइडचे (कागद कोरा राखणारं, सुकल्यावर रबरासारखं निघणारं द्रव) ठिपके द्या, जुन्या ब्रशने नको, केस चिकटून तो वाया जातो. ठिपके दोन आकारांचे, मोठे मधे, बारीक कडेला. काळा पूर्ण सुकल्यावरच बोटाने चोळून काढा, एक-दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि उघड्या पडलेल्या पांढऱ्यावर प्रत्येक कळीच्या एका बाजूला पाणीदार हिरवट करडा टेकवा. सगळ्या कळ्या शुभ्र ठेवल्या तर मुरमुरे दिसतात.