इतिहास मंडळातल्या बायका: ओवाळणी, चहा आणि पुढे?

कणगीतली_टोपी: परवाच्या सोलापूरच्या किल्ल्यातल्या हेरिटेज वॉकवर एकानं लिहिलंय, "हल्ली मंडळांत बायकांची गर्दी फार. नऊवारी, फोटो, झालं. संशोधन म्हणजे मोडी वाचणं, उन्हात दगड घासणं." गप्प बसणार होते, नाही बसवलं.

अकरा वर्षं आहे मी एका मंडळात. पहिली तीन वर्षं कामं दोनच: पाहुण्यांना ओवाळणं नि सूत्रसंचालन. मोडी शिकले ती घरचे झोपल्यावर. देवळांच्या दोनेकशे नोंदी केल्या. अहवालात काय छापलं? 'अल्पोपहाराची चोख व्यवस्था: महिला सदस्य.' चहा तर कँटीनचा होता!

आणि इतिहास काय फक्त दगडात असतो? १९३० साली आजी आठ वर्षांची. सोलापुरात इंग्रजांनी लावलेल्या मार्शल लॉत गांधी टोपी दिसली की धरायचे, म्हणून पणजीनं घरातल्या टोप्या ज्वारीच्या कणगीत दडवल्या. पुढे कित्येक दिवस पणजोबांनी टोपी झटकली की दाणे पडायचे. हे कुठल्या मोडी कागदात सापडणार?

बाळीवेस_जुना: ताई, राग समजतो. पण कणगी म्हणजे पुरावा नव्हे. अशानं प्रत्येकाची आजी क्रांतिकारक निघेल. हत्तरसंग कुडलचा शके ९४० चा मराठी शिलालेख संशोधक आनंद कुंभारांनी उजेडात आणला, तो आज्यांच्या गोष्टी ऐकून नाही.

कणगीतली_टोपी: त्या लेखात काय कोरलंय ते तरी आठवा. 'वाछि तो विजेया होइवा.' जो वाचेल तो जिंकेल.

बाळीवेस_जुना: 'तो' कोरलंय. 'ती' नाही.

पूर्वभाग: हसा, हसा. सिद्धेश्वरांच्या यात्रेत कुंभारकन्येच्या लग्नाच्या अक्षता टाकायला अख्खं गाव लोटतं, पण ती शेवटपर्यंत 'कुंभारकन्या'च. माझ्या आईनं चाळीस वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप, तोंडात तेलुगू गाणी, आणि छाट, म्हणजे नापास विड्या, निघाली की मजुरी गेली. एकदा मंडळवाले आमच्या गल्लीत आले, गिरणीच्या चिमणीचे फोटो काढले. आईशी बोलले ते एवढंच: "आजी, जरा बाजूला सरका."

मिलचा_भोंगा: मूळ मुद्दा राहू द्या. ताईंनी मार्शल लॉ लिहिला, त्याआधी शहरातून इंग्रजांचा अंमल उठला होता, ते चार दिवसांचं स्वातंत्र्य का गाळलं?

बाळीवेस_जुना: तीन दिवस. ९, १०, ११ मे. १२ ला मार्शल लॉ लागला.

मिलचा_भोंगा: मग १२ तारीख काय इंग्रजांना आंदण दिली? चार!

बाळीवेस_जुना: आमचे आजोबा तेव्हा मंगळवार पेठेत होते. त्यांनी स्वतः सांगितलंय. तीन म्हणजे तीन.

कणगीतली_टोपी: थांबा थांबा. आजोबांनी सांगितलं तो पुरावा, आणि आजीनं सांगितली ती गोष्ट?

मिलचा_भोंगा: धरलं की ओ तुम्हाला!

बाळीवेस_जुना: विषयांतर नको.

पूर्वभाग: केलं कुणी?

चार_पुतळे: मोजा दिवस. त्याच प्रकरणात १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात धनशेट्टी, शिंदे, सारडा, कुर्बान हुसेन फासावर गेले. त्यांच्या घरातल्या बायकांनी पुढचे दिवस कसे काढले, यावर इथल्या कुणी एक पान तरी वाचलंय? मीही नाही.

बाळीवेस_जुना: ...बरं. आजीचं नाव, कुणाला नि कधी सांगितलं, सगळं लिहून द्या ताई. अंकात घेऊ. पण त्यात तीनच दिवस लिहायचे.

कणगीतली_टोपी: देते. खाली माझं नाव हवं. अल्पोपहाराखाली नको.

मिलचा_भोंगा: चार.