चर्चा: घरची शाळा, आरव्ही आणि वाळवंटातला शब्बाथ

दिवेलागण
मुलांना स्वतः शिकवत अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात आरव्हीतून (राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाडीतून) हिंडणाऱ्या, शब्बाथ कडक पाळणाऱ्या ज्यू कुटुंबांना एक सल्ला हमखास मिळतो: शुक्रवारी शहरात जा, वीजजोड असलेला कॅम्प घ्या. मला तो पटत नाही. शब्बाथ म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस: शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत, जवळजवळ २५ तास, गाडी चालवायची नाही, बटण दाबायचं नाही, आग पेटवायची नाही. त्यासाठी ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइट गावाजवळची मोकळी सरकारी जमीन उत्तम, तयारी मात्र चोख हवी.

खरा घोळ पाण्याच्या पंपाचा. नळ उघडला की दाब उतरतो आणि पंप आपोआप सुरू होतो, म्हणजे हात धुताना विजेचं यंत्र चालवलं. शुक्रवारी पंप बंद करा, मग नळ सोडून नळीत उरलेला दाब काढून टाका. प्यायला माणशी ४ लिटर धरा. पाच जणांना हात धुण्यासकट तोटीचे २० लिटरचे दोन कॅन लागतात. फ्रिजच्या दाराचा दिवाही आधीच काढून ठेवा. कोकणातले बेने इस्राएल ज्यू शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. इथे घाण्याच्या जागी पंप आहे.

सोनकी
पंपाचं ठीक, विजेचा हिशेब मांडा. जानेवारीतली रात्र १४ तासांची, आणि पारा ५ अंशांपर्यंत उतरतो. हीटर गॅसवर असला तरी त्याचा पंखा बॅटरीवर चालतो आणि सुमारे ८ अँपिअर खातो. निम्मा वेळ चालला तरी ५६ अँपिअर-तास झाले. १२ व्होल्टचा फ्रिज ५०, दिवे १०. लेड-ॲसिड बॅटऱ्या २०० च्या असल्या तरी निम्म्याच वापरायच्या असतात, म्हणजे तूट ठरलेली. व्होल्टेज पडलं की पंखा मंदावतो, त्याच्या झोतानं जुळणारा सुरक्षा-स्विच जुळत नाही आणि बर्नर पेटतच नाही. वर गॅसचा अलार्म पिरपिर करत बसतो.

आणि चोलेंत, म्हणजे शब्बाथसाठी रात्रभर मंद शिजणारं कालवण? स्लो कुकर २०० वॉटचा, १६ तास. एकट्या कुकरलाच २५० हून जास्त अँपिअर-तास लागतील! म्हणून काही जण गॅसची शेगडी रात्रभर मंद ठेवतात. बंद आरव्हीत कार्बन मोनॉक्साइडनं माणसं मरतात. हे कुणीही करू नका. वीजजोड घ्याच.

दिवेलागण
शेगडीबद्दल पूर्ण सहमत. पण तुमचेच आकडे घेतले तर एकूण ११६ होतात, आणि २०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी ते सहज पेलते. शनिवारी ऊन आलं की पॅनल भर घालतातच. चोलेंत शुक्रवारी पूर्ण शिजवून शब्बाथचे दिवे लावण्याआधी रजईत गुंडाळा. जी वस्तू स्वतः उष्णता वाढवत नाही, तिच्यात शब्बाथ लागण्याआधी गुंडाळायला हलाखात (ज्यू धर्मनियमांत) मुभा आहे. रात्री गरम, दुसऱ्या दिवशी दुपारी गार खायचं.

पाटीपेन्सिल
विजेचं काय घेऊन बसलात, मुलांचं बोला. ऑर्थोडॉक्स (कर्मठ) रीतीनं तोरा या धर्मग्रंथाच्या जाहीर वाचनाला दहा प्रौढ पुरुष लागतात. बारा वर्षांच्या मुलाला वाचनाचे सूर इंटरनेटवर शिकवता येतील, पण दहा माणसांसमोर उभं राहून वाचण्याची सवय कुठून आणणार? फीनिक्स क्वार्ट्झसाइटहून सुमारे २०० किलोमीटर, आणि शनिवारी तर गाडी हलवायचीच नाही. निदान महिन्यातून दोन शब्बाथ शहरात काढायलाच हवेत. रस्त्यावर आरव्हीत रात्र काढायला बऱ्याच शहरांत बंदी असते, म्हणून सिनेगॉगच्याच (ज्यू प्रार्थनास्थळाच्याच) आवारात उभी करायची परवानगी आधी मागून ठेवा.

सोनकी
महिन्यातून दोन शब्बाथ शहरात, हे मलाही मान्य. मात्र शाळेच्या बाबतीत वाळवंटाला कमी लेखू नका. ग्रँड कॅन्यनच्या काठावरच्या 'ट्रेल ऑफ टाइम'वर एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. मुलं भूशास्त्र पायांनी मोजतात. टूसॉनमध्ये १९१० सालचं सिनेगॉग आहे, तिथे आता ज्यू इतिहासाचं संग्रहालय आहे. न्यू मेक्सिकोतल्या अकोमा पुएब्लो या मूळ अमेरिकी वस्तीचा गव्हर्नर एके काळी सॉलोमन बीबो हा प्रशियात जन्मलेला ज्यू व्यापारी होता. हा धडा अकोमात उभं राहून द्यावा.

दिवेलागण
दोन गोष्टी राहिल्या. उन्हाळ्यात ॲरिझोना घड्याळ तासभर पुढे करत नाही, त्यातलंच नवाहो राष्ट्र (नवाहो जमातीचा स्वायत्त प्रदेश) करतं. तिथल्या कायेंटा गावी शब्बाथचे दिवे लावण्याच्या वेळेचा तक्ता नवाहो वेळेचा असेल आणि फोननं ॲरिझोनाची वेळ पकडली असेल, तर सूर्य बुडत असताना अजून तासभर आहे असं वाटतं. दिवे सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी लावायचे असतात, तेव्हा एक मनगटी घड्याळ हातानं लावून ठेवा.

दुसरं, अशा सरकारी जमिनीवर साधारणपणे २८ दिवसांत १४ दिवसच राहता येतं. रविवारी मुक्काम टाकलात तर चौदावा दिवस शनिवारीच येतो आणि गाडी हलवता येत नाही. सोमवारी या. दोन शब्बाथ मिळतात आणि रविवारी निवांत निघता येतं.