अपठित उताऱ्यात मार्क नेमके कुठं जातात? (दहावी, मराठी माध्यम, इंग्रजी)

कोरेगावकर_पालक

मुलगी दहावीत आहे. मराठी माध्यम, तृतीय भाषा इंग्रजी. पूर्वपरीक्षेत ८० पैकी ५१ आले. धड्यांवरच्या दोन्ही उताऱ्यांत आठ-आठ मार्क आहेत, पण अपठित उताऱ्यात १० पैकी ४ आणि सारांशाला ५ पैकी २. व्याकरणाची सरावपुस्तिका दोनदा सोडवून झाली. त्यात व्हॉइस, रिपोर्टेड स्पीच, डिग्री सगळं बरोबर येतं आणि कृतिपत्रिकेत (परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत) नेमकं तेच चुकतं. हातात नऊ आठवडे आहेत, रोज तास-सव्वा तास देता येईल. आम्हा दोघांचंही इंग्रजी बेताचं, त्यामुळे घरी तपासायचं कसं तेही सांगा. दुसरी एखादी पुस्तिका आणू का?

खडू_आणि_डस्टर (सांगली)

पुस्तिका आणू नका. आहे तिच्यातच रोग आहे.

पुस्तिकेत पानाच्या डोक्यावर 'ॲक्टिव्ह-पॅसिव्ह' असं लिहिलेलं असतं आणि खाली ओळीनं वीस वाक्यं. तिसऱ्या वाक्यापासून मुलगी विचार करायचं थांबते, हातच चालतो. कृतिपत्रिकेत डोक्यावर काही लिहिलेलं नसतं. उताऱ्यातलं एक वाक्य उचललेलं असतं आणि 'द प्लँट्स... ने सुरुवात करून पुन्हा लिहा' एवढंच सांगितलेलं असतं. हे व्हॉइसचं आहे हे आधी ओळखावं लागतं, आणि तो सराव झालेलाच नाही. त्याच पुस्तिकेतल्या वेगवेगळ्या पानांवरची पंधरा वाक्यं चिठ्ठ्यांवर उतरवा, डब्यात टाका आणि रोज सहा काढा. प्रत्येक चिठ्ठीवर उत्तराआधी प्रकाराचं नाव लिहायला सांगा. पहिला आठवडा नावंच चुकतील. तेच हवंय.

आता उतारा. दहा मार्क म्हणजे दोन-दोनच्या पाच कृती, ए-१ ते ए-५. पूर्वपरीक्षेची उत्तरपत्रिका घेऊन पाचही कृतींचे मार्क वेगळे मांडा. नुसत्या '४' वरून काही कळत नाही. ए-१ (उताऱ्यातली सरळ माहिती) आणि ए-३ (शब्दार्थ) गेले असतील तर शब्द कमी पडतायत. ए-२ (समजून द्यायचं उत्तर) गेलं असेल तर वाक्यांचा एकमेकांशी संबंध लागत नाहीये. ए-४ म्हणजे व्याकरण. आणि ए-५, म्हणजे स्वतःचं मत, बहुतेक मराठी माध्यमाच्या पोरांनी कोरंच सोडलेलं असतं. दोन पाठ्य उतारे आणि एक अपठित धरले तर नुसत्या ए-५ चे सहा मार्क होतात. कोरं सोडायला ते फार झाले.

वेळेचं गणित: १८० मिनिटं, ८० मार्क, म्हणजे मार्कामागे सव्वादोन मिनिटं. अपठित उताऱ्याला २२ मिनिटं, सारांशाला ११. घरी घड्याळ लावूनच बसवा. मात्र पहिले दोन आठवडे नको, तेव्हा वेळ मोकळा ठेवा.

वाचायचा क्रम असा: आधी प्रश्न, मग उतारा. काय शोधायचंय ते माहीत असलं की डोळा तिथं थांबतो.

माणदेशी_मास्तर

वरच्या सरांनी निदान बरोबर केलंय. ए-४ मध्ये काय चुकतं, त्यात मी जरा खोल जातो, कारण या चुका कुठूनही येत नाहीत. बऱ्याचशा आपल्या मराठीतून येतात. पोरगी मनात मराठी वाक्य करते आणि त्याच्यावर इंग्रजी शब्द चिकटवते. मराठीचं वाक्य कुठं वेगळं वळतं ते दाखवून दिलं की चूक पुन्हा होत नाही. नियम पाठ करून ती थांबत नाही. (इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत लिहितोय. पालकांनी मोठ्यानं वाचावीत, चूक कानाला लवकर कळते.)

पहिलं, रिपोर्टेड स्पीच. मराठीत आपण म्हणतो, 'सुनील म्हणाला की मी उद्या येईन.' 'की' लावलं, पण 'मी' तसाच, 'उद्या' तसंच आणि काळही तसाच राहिला. मराठीत ते शुद्धच आहे. इंग्रजीत 'दॅट' आलं की बोलणारा बदलतो: सुनील सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे. तीन ठिकाणी बदल झाला. पोरं 'दॅट' घालून मोकळी होतात, कारण मराठीत तेवढंच पुरतं. तपासताना तीन बोटं धरा: माणूस बदलला का, क्रियापद मागं गेलं का, वेळेचा शब्द बदलला का. प्रश्न असेल तर चौथं बोट, शब्दांचा क्रम. 'व्हेअर आर यू गोइंग?' चं 'ही आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग' होतं. 'व्हेअर वॉज आय' लिहिलं की गेलं.

दुसरं, व्हॉइस. 'रामाने आंबा खाल्ला' हा मराठीत कर्मणी प्रयोग. क्रियापद आंब्याप्रमाणे चालतं: आंबा खाल्ला, पोळी खाल्ली. मराठीच्या तासाला हे घोटून घेतलेलं असतं, म्हणून पोरांना 'ने' दिसला की पॅसिव्ह वाटतं. पण 'राम एट अ मँगो' हे सरळ ॲक्टिव्ह आहे. तेव्हा मराठी व्याकरणाचा प्रयोग इंग्रजीला लावायचा नाही, हे एकदा स्पष्ट सांगा. पॅसिव्ह करताना मूळ क्रियापदाचा काळ 'बी' ला द्यायचा आणि क्रियापदाचं तिसरं रूप ठेवायचं. 'दे आर बिल्डिंग अ ब्रिज' मधल्या 'आर बिल्डिंग' चं 'इज बीइंग बिल्ट' होतं. साधी मोजणी अशी की, 'डू-डज-डिड' असलेली नकारार्थी आणि प्रश्नार्थी वाक्यं सोडली तर, पॅसिव्हच्या क्रियापदात ॲक्टिव्हपेक्षा नेमका एक शब्द जास्त असतो. बिल्ड्स - इज बिल्ट. हॅज बिल्ट - हॅज बीन बिल्ट. मोजून एक जास्त आला नाही तर उत्तर चूक. इंग्रजी न येणाऱ्या पालकालाही हे तपासता येतं.

तिसरं, अनलेस. मराठीत 'जोपर्यंत तू अभ्यास करत नाहीस तोपर्यंत...' असं 'नाही' घालूनच बोलतो. म्हणून पोरं 'अनलेस यू डोन्ट स्टडी' लिहितात. अनलेसच्या पोटातच 'नाही' आहे, दुसरं नको.

चौथं, 'टू हॉट टू ड्रिंक' चं 'सो... दॅट' करणं. मराठीत 'चहा इतका गरम आहे की पिता येत नाही' एवढं बास होतं, काय पिता येत नाही ते पुन्हा सांगत नाही. इंग्रजीत सांगावं लागतं: द टी इज सो हॉट दॅट वी कॅनॉट ड्रिंक इट. शेवटचं 'इट' गाळलं की मार्क कापला.

पाचवं, 'पासून'. 'दोन वर्षांपासून' आणि '२०२१ पासून' दोन्हीला आपला एकच 'पासून'. इंग्रजीत मुदत असेल तर फॉर, सुरुवातीचा क्षण असेल तर सिन्स. आणि मराठीत 'राहतो' म्हणून भागतं, तिथं 'हॅव बीन लिव्हिंग' लागतं.

डिग्रीत आपल्याकडं 'पेक्षा' आणि 'सगळ्यात' लावलं की झालं, विशेषण हलत नाही. त्यामुळं 'मोअर टॉलर' जन्माला येतं. कळसूबाईवर घोटून घ्या: 'कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र', 'कळसूबाई इज हायर दॅन एनी अदर पीक इन महाराष्ट्र', 'नो अदर पीक इन महाराष्ट्र इज ॲज हाय ॲज कळसूबाई'. 'अदर' गाळला तर कळसूबाई स्वतःपेक्षाच उंच ठरते. 'नो अदर' पुढं एकवचन, 'व्हेरी फ्यू' पुढं अनेकवचन. 'नो सूनर डिड' नंतर क्रियापदाचं पहिलं रूप आणि पुढं 'दॅन', 'व्हेन' नाही. टॅगसाठी (वाक्याच्या शेवटी जोडायचा छोटा प्रश्न) आपला 'ना?' सगळीकडं चालतो, त्यांचा चालत नाही. हार्डली, नेव्हर, सेल्डम असेल तर टॅग होकारी.

कास_पठार_वाटाड्या (सातारा)

खडू-डस्टर सरांशी एका मुद्द्यावर सहमत नाही. 'आधी प्रश्न' ही युक्ती इंग्रजी माध्यमाच्या पोरांना ठीक. शब्दसंपत्ती कमी असलेलं पोर आधी प्रश्न वाचलं की उत्तर शोधत नाही, प्रश्नातला शब्द शोधतं. तो शब्द सापडला की ते अख्खं वाक्य उतरवतं. कृतिपत्रिका काढणाऱ्यालाही हे माहीत असतं, म्हणून प्रश्नात उताऱ्यातला शब्द न देता दुसरा दिलेला असतो. माझ्या मते एकदा सलग उतारा, अडलेला शब्द सोडून, दोन-अडीच मिनिटांत. मग प्रश्न. मग दुसऱ्यांदा, पेन्सिल घेऊन.

नमुना देतो.

'द कास प्लॅटो लाइज टू द वेस्ट ऑफ सातारा. इट इज मेड ऑफ हार्ड लॅटराइट रॉक, अँड द सॉइल ऑन इट इज व्हेरी थिन. लार्ज ट्रीज कॅनॉट टेक रूट देअर. आफ्टर द रेन्स, हाउएव्हर, टायनी फ्लॉवर्स कव्हर द रॉक. इन २०१२ युनेस्को इन्क्लूडेड द प्लॅटो इन द वेस्टर्न घाट्स वर्ल्ड हेरिटेज साइट. सम व्हिजिटर्स ट्रँपल द प्लँट्स.'

ए-२ चा प्रश्न: मोठी झाडं तिथं का वाढत नाहीत? उताऱ्यात 'बिकॉज' कुठंच नाही. कारण एक वाक्य मागं आहे, आणि तिथं पठाराचं नावही नाही, नुसतं 'इट' आहे. ए-२ चे मार्क इथंच जातात. म्हणून दुसऱ्या वाचनात दोनच खुणा करायच्या. इट, दे, धिस, देअर या प्रत्येकाला गोल करून तो कशाबद्दल आहे तिथवर रेघ ओढायची. आणि हाउएव्हर, सो, दो, इन्स्टेड यांना चौकोन, कारण तिथं अर्थ वळतो. चार-पाच मिनिटांत होतं.

ए-३ ला 'व्हेरी स्मॉल' अर्थाचा शब्द: टायनी. सापडलेला शब्द मूळ वाक्यातून काढून तिथं 'व्हेरी स्मॉल' घालून वाचायचं. बसलं तर बरोबर.

उतारे कुठून आणायचे, तर बाजारातून नको. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर राज्य मंडळाची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, इंग्रजी माध्यमाचीसुद्धा. सहावी-सातवीच्या भूगोलाचं इंग्रजी पुस्तक घ्या. तोच धडा तिनं मराठीत शिकलेला आहे. विषय डोक्यात आहे, फक्त भाषा नवी, त्यामुळे अडलेल्या शब्दाचा अर्थ अंदाजानं लागायला लागतो. आठवड्याला तीन परिच्छेद. पाचव्या आठवड्यापासून मंडळाच्या जुन्या कृतिपत्रिका.

घरी तपासायला इंग्रजी यायलाच हवं असं नाही. प्रत्येक उत्तराला एकच विचारा: 'कुठल्या ओळीवरून लिहिलंस? बोट ठेव.' बोट ठेवता आलं नाही तर उत्तर अंदाजपंचे आहे.

खडू_आणि_डस्टर (सांगली)

क्रमाबद्दलचं म्हणणं पटलं. ५१ च्या आसपास असणाऱ्यांना आधी उतारा बरा. सत्तरीच्या पुढच्यांना माझीच पद्धत.

सारांशाचं कुणी बोललं नाही. दोन मार्क येतात याचा अर्थ बहुधा उताऱ्यातली तीन-चार वाक्यं जशीच्या तशी उचलली आहेत. उतारा आधी मराठीत दोन वाक्यांत तोंडी सांगायला लावा. सांगता आला नाही तर तो समजलाच नाही, मग इंग्रजी लिहून काय उपयोग? उदाहरणं, आकडे, अवतरणातलं बोलणं गाळायचं. साधारण एक तृतीयांश लांबी. 'आय' असेल तर 'द रायटर' करायचं. शीर्षक विसरू नका, आणि शीर्षक म्हणजे वाक्य नव्हे.

कोरेगावकर_पालक

सगळ्यांचे आभार. उत्तरपत्रिका काढून पाहिली. ए-५ खरंच तिन्ही ठिकाणी कोरं आहे, अपठितमध्ये ए-४ ला शून्य. कासच्या उताऱ्यावर आज तिनं लिहिलेलं असं:

ए-२: लार्ज ट्रीज कॅनॉट ग्रो बिकॉज द सॉइल इज व्हेरी थिन.
ए-४ (द प्लँट्स ने सुरुवात): द प्लँट्स वेअर ट्रँपल बाय सम व्हिजिटर्स.
ए-५ (पर्यटकांवर मर्यादा असावी का?): येस. टुरिस्ट शुड कम लेस बिकॉज फ्लॉवर आर डॅमेज.

माणदेशी_मास्तर

ए-२ बरोबर. 'अँड द रॉक इज हार्ड' जोडलं तर पक्कं.

ए-४ मध्ये दोन चुका. मूळ वाक्य वर्तमानकाळात आहे, म्हणून 'वेअर' नाही, 'आर'. आणि तिसरं रूप हवं: द प्लँट्स आर ट्रँपल्ड बाय सम व्हिजिटर्स. तिनं 'वेअर' का लिहिलं तेही सांगतो. तिच्या डोक्यात 'झाडं तुडवली जातात' ऐवजी 'तुडवली गेली' आलं. मूळ क्रियापदाखाली रेघ मारून वर काळ लिहायची सवय लावा, रोज.

ए-५ चं उत्तर कोऱ्यापेक्षा कितीतरी चांगलं, पण 'येस' वर सुरू करू नये. 'आय थिंक' नं सुरुवात, मग 'बिकॉज', मग एक उदाहरण, एकूण तीन वाक्यं: आय थिंक फ्यूअर टुरिस्ट्स शुड बी अलाउड बिकॉज द फ्लॉवर्स गेट डॅमेज्ड. पुढची दोन तिचं तिला लिहू द्या.

'टुरिस्ट' आणि 'फ्लॉवर' ला एस का राहिला ते बघा. मराठीत आपण 'दोन बस आल्या', 'चार ट्रक उभे आहेत' म्हणतो, असे बरेच इंग्रजी शब्द अनेकवचनात बदलत नाहीत. तीच सवय इंग्रजी लिहिताना हाताला राहते. लिहून झाल्यावर फक्त नामांवरून एक फेरी मारायची, प्रत्येकाखाली टिंब देऊन विचारायचं, एक की अनेक? तीन ओळींच्या उत्तराला अर्धा मिनिट लागतो.