शब्द हवा आहे : हद्दपारी, निर्वासन की आणखी काही?

बारा-तेरा वर्षांच्या वाचकांसाठी कादंबरी लिहिते आहे. सुरुवात १० फेब्रुवारी १९४० ची. पूर्व पोलंडमध्ये सोव्हिएत शिपाई रात्री दार ठोठावतात, घाईघाईत गाठोडी बांधायला लावतात आणि आजीपासून तान्ह्या मुलापर्यंत सगळं घर मालगाडीत कोंबून सैबेरियाकडे पाठवतात. शेवट कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात, तिथल्या पोलिश छावणीत. या प्रकाराला मराठीत काय म्हणावं? 'हद्दपारी' लिहिलंय, पण मन मानत नाही.

—

ताई, मन मानत नाही ते बरोबरच आहे. हद्दपारी काय किंवा तडीपारी काय, हुकूम एवढाच : इथून नीघ, मग कुठेही जा. तडीपार झालेला माणूस दोन जिल्हे सोडून मावशीकडे राहू शकतो. तुमच्या कुटुंबांना हद्दीबाहेर घालवलं नाही. परक्या मुलखात खोलवर नेऊन डांबलं, लाकूडतोडीला जुंपलं. शिवाय हद्दपार होतो तो एकेकटा, त्याच्यावर काही ठपका असतो. तान्ह्या मुलावर कसला ठपका?

'निर्वासित' व्युत्पत्तीने चपखल आहे, कारण कोणीतरी घालवून दिलेला असाच त्याचा अर्थ. पण फाळणीनंतर आपल्या कानांना त्यात आसरा मागायला आलेला माणूसच ऐकू येतो. वळिवड्याला पोचल्यावर ही माणसं निर्वासित, मालगाडीत नव्हेत. 'परागंदा' तर नकोच. फारसीत त्याचा अर्थ विखुरलेला, मराठीत मात्र स्वतःहून पळालेला.

—

'काळं पाणी' कसं वाटतं? ठिकाण ठरलेलं, परतीची आशा नाही.

—

त्यात खटला आणि शिक्षा येते, आणि डोळ्यांपुढे अंदमान उभं राहतं. इथे बर्फ हवं.

पोलिश लोकांचा स्वतःचा शब्द पाहा : 'विवूझ्का'. म्हणजे गाडीत घालून वाहून नेणं. कसला साधा शब्द, माल नेतात तसा! मराठीतही गोष्ट सांगणाऱ्या मुलीच्या तोंडी नाम नको, क्रियापद द्या. 'आम्हाला नेलं तेव्हा मी तेरा वर्षांची होते.' शेजारीण म्हणेल, 'त्यांचं घर काल रात्री उचललं.' प्रस्तावनेत हवं तर 'सक्तीची रवानगी' लिहा.

—

'नेलं' घेते. काल रात्री ते पान पुन्हा लिहिलं आणि पहिल्यांदाच ती मुलगी बोलल्यासारखी वाटली. आता दुसरा अडसर. पोलिश सरकारशी झालेल्या करारानंतर ऑगस्ट १९४१ मध्ये त्यांना सोडलं, त्याला सोव्हिएत फर्मानात 'माफी' म्हटलंय. गुन्हाच नाही, तर माफी कशाची? 'सुटका' लिहू का?

—

नका. 'माफी'च ठेवा आणि मुलीला आईला विचारू द्या, 'आपण काय केलं होतं?'

आणि एक : सैबेरियातल्या जागेला 'वस्ती' म्हणा. 'छावणी' वळिवड्यासाठी राखून ठेवा. १९४३ ते १९४८ मध्ये तिथे सुमारे ५,००० पोलिश माणसं राहिली, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. दोन्हीकडे एकच शब्द आला, तर बारा वर्षांच्या वाचकाला दोन्ही जागा सारख्याच वाटतील.