मदत हवी आहे: म्हाताऱ्या दीर्घिकांतला अतिनील प्रकाश नेमका कुणाचा?

नमस्कार मंडळी,

रीतसर शिक्षण वाणिज्य शाखेचं, खगोलशास्त्र निव्वळ हौसेचं. जाणकारांनी जरा हात द्यावा.

लंबवर्तुळाकार दीर्घिकेत नवे तारे जवळपास जन्मतच नाहीत, तापलेले निळे तारे कधीच संपलेले. म्हणजे अतिनीलात तिथे अंधारच हवा. पण १९६८ साली सोडलेल्या ओएओ-२ या अवकाश दुर्बिणीला देवयानी दीर्घिकेच्या मधल्या, तशाच म्हाताऱ्या ताऱ्यांच्या फुगवट्यात भलताच अतिनील उजेड दिसला. यालाच ‘अतिनील उठाव’ म्हणतात. पुढे एनजीसी १३९९ सारख्या थोरल्या दीर्घिकांतही तेच.

संशयित मुख्यतः दोन. एक, पोस्ट-एजीबी तारे: श्वेत बटू होण्याच्या वाटेवरचे, लखलखीत, पण अल्पायुषी. दुसरे क्षैतिज शाखेच्या (गाभ्यात हेलियम जाळणाऱ्या ताऱ्यांचा, तापमान-तेजाच्या आलेखावरचा आडवा पट्टा) पार गरम, निळ्या टोकाचे: राक्षसी अवस्थेत बहुतेक हायड्रोजन गमावलेले, गाभ्यात हेलियम जळतंय आणि वर हायड्रोजनचा जेमतेम पापुद्रा. तेज बेताचं, पण सुमारे १० कोटी वर्षं टिकतात. १९९० मध्ये हॉपकिन्स अतिनील दुर्बिणीने एनजीसी १३९९ चा वर्णपट घेतला, त्यात तापमान साधारण २४,००० केल्विन निघालं. पोस्ट-एजीबी याहून बरेच गरम असतात, त्यामुळे पारडं दुसऱ्यांकडे झुकलं. हबलने तर देवयानीची छोटी साथीदार दीर्घिका एम ३२ हिच्यात ते तारे सुटे सुटे टिपले.

घोडं अडतंय ते इथे. एम ३२ चा अतिनील उठाव अगदीच क्षीण. जोरदार उठाव धातुसमृद्ध (खगोलशास्त्रात धातू म्हणजे हेलियमहून जड सगळी मूलद्रव्यं) थोरल्या दीर्घिकांत, आणि तिथले असे तारे सुटे दिसत नाहीत. शिवाय गोलाकार तारकागुच्छांत सहसा धातू कमी तिथे क्षैतिज शाखा निळी, म्हणजे गरम. मग इथे उलटं का? जास्तीच्या हेलियममुळे, की जोडीदार ताऱ्याने बाहेरचं हायड्रोजनचं आवरण ओरबाडल्यामुळे?

प्रतिसाद १

एनजीसी ६७९१ बघा. आपल्याच आकाशगंगेतला खुला गुच्छ, वय सुमारे ८०० कोटी वर्षं, धातू सूर्याच्या दुप्पट, तरी असे गरम तारे आहेत. म्हणजे धातू आड येत नाहीत. हेलियम की जोडीदार, याचा निवाडा मात्र त्यातून होत नाही. त्यासाठी दूरच्या, म्हणजे (त्यांचा प्रकाश फार पूर्वी निघालेला असल्याने) तरुण वयातल्या दिसणाऱ्या दीर्घिका हव्यात: हेलियमवाल्यांच्या मते तिथे उठाव मावळायला हवा, जोडतारेवाल्यांच्या मते फारसा बदलू नये.

धागाकर्ता

आभारी आहे! भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या यूव्हीआयटी या अतिनील दुर्बिणीने देवयानीच्या फुगवट्यातले तारे सुटे होतील का?

प्रतिसाद १

तिची विभेदनक्षमता दीड विकलेच्या (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आसपास, त्याहून जवळचे तारे वेगळे दिसत नाहीत. ऐन मध्यभागी सगळी गिचमिड होणार, तिथे हबलच हवी. आपल्या गोलाकार गुच्छांसाठी मात्र झकास.