विषय: जळगाव–मुंबई–सॅन फ्रान्सिस्को: काकूंचा प्रवास किती तासांचा धरायचा?

प्रेषक: कार्यवाह

सप्रेम नमस्कार. कानबाईच्या रोटांसाठी (खानदेशातील श्रावणातल्या देवीच्या उत्सवासाठी) आपल्याकडे सॅन फ्रान्सिस्कोला येणाऱ्या काकूंचे तिकीट आज रात्रीपर्यंत काढायचे आहे. दिल्लीमार्गे अंतर कमी पडते, म्हणून तेच तिकीट घ्यावे, असा आग्रह गेल्या बैठकीत धरला गेला. दुबईमार्गे मिळणारे स्वस्त आहे. त्यांना आणायला इथल्या विमानतळावर गाडी कधी न्यायची, तेही यावरच अडले आहे.

प्रेषक: फैजपूरकर

केवळ अंतर पाहून निर्णय घेऊ नये, ही कळकळीची विनंती. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को हे सरळ अंतर सुमारे 13,500 किलोमीटर असून दुबईमार्गे ते 15,000 च्या घरात जाते, हे खरे आहे. परंतु 2016 साली एअर इंडियाने दिल्लीहून निघणारे विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले, तेव्हा सुमारे 1,400 किलोमीटर जास्त, म्हणजे एकूण 15,300 किलोमीटर जाऊनही ते साडेचौदा तासांत पोहोचले, कारण पूर्वेकडे वाहणारा जोरदार वारा पाठीशी होता. परतीला हाच वारा समोरून येतो. त्यातच एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केल्यापासून पश्चिमेकडच्या मार्गांना वळसा पडू लागला.

प्रेषक: भुसावळकर (निवृत्त, रेल्वे)

वाऱ्याची चर्चा झाली; जळगाव ते मुंबई या 420 किलोमीटरचा विचार मात्र कोणीच केलेला नाही. श्रावणात कसारा घाटात गाडी कधी अडकून पडेल, याचा नेम नसतो. म्हणून पहाटेच्या विमानासाठी आदल्या दिवशी सकाळचीच गाडी धरावी आणि ठाण्याला उतरून सहारला, म्हणजे मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर, जावे. गाडी कोणती, हे कृपया मला ठरवू द्यावे. काकूंना डब्यात बसवून द्यायला मी स्वतः जळगाव स्टेशनवर जाईन.

प्रेषक: काकूंची मुलगी

काकांचे म्हणणे मला मान्य आहे. माझी काळजी आईच्या गुडघ्यांची आहे. दुबईहून पुढे सुमारे सोळा तास एका जागी बसायचे असल्याने मध्ये चार तासांचा थांबा हवाच. दीड तासात तिला एवढ्या मोठ्या विमानतळावर पळवणे मला पटत नाही. व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवावी. आई घड्याळ जळगावच्याच वेळेवर ठेवते आणि औषधाच्या गोळ्या त्यावरच घेते, त्यामुळे प्रवासाचे सगळे तास भारतीय वेळेतच मोजावेत. मुंबईहून पहाटे 4 ला निघाल्यावर तीन तास दुबईपर्यंत, चार तास थांबा आणि पुढचे सोळा असे तेवीस तास होतात. आपण उन्हाळ्यात साडेबारा तास मागे असल्याने ती त्याच तारखेला दुपारी अडीचला उतरेल. तिकिटावरच्या दोन वेळा वजा करून कोणी साडेदहा तास धरू नयेत.

प्रेषक: कार्यवाह

दुबईमार्गे, चार तासांच्या थांब्याचे, एकाच क्रमांकाचे तिकीट काढतो, म्हणजे सामान थेट पुढे जाईल. इमिग्रेशनची रांग धरून गाडी साडेतीनला न्यावी. फैजपूरकरांना जमेल का, ते आजच कळवावे.